'व्हायरल व्हेक्टर'ला वाहक म्हणावं का? आणि 'संसर्ग'?

प्रश्न : लेंटिव्हायरसवरच्या (पेशीत जनुक पोचवण्यासाठी वापरतात तो विषाणू) एका टिपणात 'विषाणू-वाहकाने पेशींना संसर्ग केला' असं वाक्य आलंय. व्हेक्टरला वाहक आणि ट्रान्सडक्शनला (विषाणूमार्फत जनुक पेशीत जाणं) संसर्ग हे शब्द चालतील का?

उत्तर : वाहक चालेल, पण एकटा नको. एसटीत तो तिकिटं देतो, थॅलेसेमियात तो 'कॅरिअर' असतो, मलेरियात डास. आणि 'विषाणू-वाहक' म्हणजे विषाणूला वाहून नेणारा, म्हणजे पुन्हा डासच! इथे विषाणूचा सांगाडा गाडी आहे आणि जनुक हा माल. म्हणून 'जनुकवाहक' घ्या. (गणितातला 'सदिश' कुणी सुचवू नये.)

दुसरं उत्तर : संसर्ग मात्र चुकीचाच. या वाहक विषाणूचे कण तयार करताना २९३टी नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत तीन प्लाझ्मिड (डीएनएची छोटी वर्तुळं) घालतात : एकावर आपलं जनुक, दुसऱ्यावर कणाची प्रथिनं आणि विकरं, तिसऱ्यावर आवरणाचं प्रथिन. कणात भरलं जाण्याची खूण, 'साय', फक्त पहिल्यावर असते. त्यामुळे कण पेशीत शिरतो, जनुक गुणसूत्रात बसवतो आणि तिथेच थांबतो. त्याला पिल्लं होत नाहीत. संसर्ग म्हटलं की पसरणं आलंच. ट्रान्सडक्शन हा शब्द झिंडर आणि लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये साल्मोनेलावरच्या कामात वापरला, तोही विषाणूमार्फत एका जिवाणूची जनुकं दुसऱ्यात जाण्यासाठी. 'विषाणूमार्फत जनुकप्रवेश' लिहा, नाहीतर सरळ ट्रान्सडक्शन. प्लाझ्मिड घालणं ते ट्रान्सफेक्शन. आधी ते, मग ४८ आणि ७२ तासांनी पेशींवरचा, कण असलेला द्रव काढून ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचा, आणि नंतर ट्रान्सडक्शन. दोन्हींना एकच मराठी शब्द दिलात तर कृती वाचणारा गोंधळेल.

प्रश्न : मग एमओआय (मल्टिप्लिसिटी ऑफ इन्फेक्शन, म्हणजे एका पेशीमागे किती कण) यातला 'आय' इन्फेक्शनचाच ना?

उत्तर : हो, फाज, म्हणजे जिवाणूंचे विषाणू, अभ्यासणाऱ्या जुन्या लोकांकडून आलेलं नाव. मराठीत 'पेशीमागे कण' पुरे. पण ती सरासरी आहे, वाटणी नव्हे. एमओआय १ ठेवला तरी शंभरातल्या सुमारे ३७ पेशी कोऱ्याच राहतात, काहींत दोन-तीन कण शिरतात. एका पेशीत एकच प्रत हवी असेल तर ०.३ घ्या : शंभरातल्या सुमारे २६ पेशींत जनुक जातं, त्यातल्या २२ पेशींत एकदाच. हिशेब असा : २ लाख पेशी गुणिले ०.३ म्हणजे ६०,००० कण. टायटर, म्हणजे द्रवातल्या कार्यक्षम कणांचं प्रमाण, मिलिलिटरला १ कोटी असेल तर ६ मायक्रोलिटर.

तिसरं उत्तर : या हिशेबातले कण 'कार्यक्षम' हवेत, हा शब्द गाळू नका. कणाच्या कवचातलं पी२४ प्रथिन मोजून काढलेल्या आकड्यात निकामी कण आणि सुटं प्रथिनही धरलं जातं, तो आकडा फुगलेला असतो. म्हणून टायटरला 'कणसंख्या' म्हणू नये. 'अनुमापन' तर टायट्रेशन, म्हणजे मोजण्याची कृती. निघालेला आकडा टायटरच राहू द्या. आणि उणे ८० अंशांवरची नळी एकदा वितळवून परत गोठवली की तो घटतो, तेव्हा जुना आकडा त्या नळीवर ठेवू नका.