हत्तीची सोंड इमारतीतून का गेली?

चालत जाऊन, त्या वाटेची जीपीएस नोंद ठेवून नकाशावर हत्तीचं चित्र काढलं, तर सोंड इमारतीच्या आरपार गेली आणि डोळ्याच्या जागी नुसता गुंता झाला, असं एकाने विचारलंय. या दोन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

सोंडेचा दोष पॉजचा, म्हणजे नोंद मध्येच थांबवण्याचा. पॉज करून चालत पुढे गेलात आणि रिझ्यूम केलंत की बहुतेक अ‍ॅप त्या दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ ओढतात. हेच मुद्दाम केलं तर रस्ता नसलेल्या ठिकाणीही तिरकी रेघ मिळते: टोकाला पॉज, वळसा घालून पलीकडे, थोडं थांबून रिझ्यूम. ऑटो-पॉज (वेग कमी झाला की नोंद आपोआप थांबवणारी सोय) मात्र बंदच ठेवा, नाहीतर हळू घेतलेली वळणं कापली जातात.

डोळा लहान काढला असणार. मोकळ्या आकाशाखालीही फोन साधारण ५ मीटर इकडेतिकडे दाखवतो, उंच इमारतींत त्याहून जास्त. त्यामुळे १० मीटरचा गोल टिकत नाही. मैदानाला किंवा मोठ्या सर्कलला फेरी मारा, निदान ४०-५० मीटर व्यास हवा. तिथे थांबू नका. उभ्या माणसाचेही बिंदू सरकत राहतात आणि गाठ पडते.

जीपीएस घड्याळ वापरत असाल तर नोंद 'स्मार्ट'ऐवजी (त्यात कुठले बिंदू घ्यायचे ते घड्याळच ठरवतं) दर सेकंदाला ठेवा. सुरू करण्याआधी उघड्यावर एक-दोन मिनिटं उभं राहा. शेपूट दुहेरी दिसायला नको असेल तर त्याच फुटपाथवरून परत या.

आणि स्ट्राव्हावर (चालण्या-धावण्याची नोंद इतरांना दाखवणारं अ‍ॅप) घराजवळचा भाग लपवलेला असेल तर चित्र तिथून सुरू करू नका. तुम्हाला हत्ती पूर्ण दिसेल, इतरांना पाय तुटलेला.