अनुभव धागा: अनुवादाची पदवी आणि दोन परक्या भाषा

धाग्याचं प्रयोजन

हौसेनं परकी भाषा शिकणं वेगळं आणि अनुवादक किंवा दुभाष्या होण्यासाठी विद्यापीठात एकदम दोन भाषा घेणं वेगळं. जिनिव्हा विद्यापीठात १९४१ साली सुरू झालेली दुभाष्यांची शाळा, जर्मनीत माइन्त्स विद्यापीठाचा गेर्मर्सहाइमचा विभाग, इटलीत त्रिएस्ते आणि फोर्ली इथे याच गोष्टीची पदवी मिळते. पुण्यामुंबईत जर्मन, फ्रेंच, जपानी शिकणारी अनेक मुलं आता तिकडे जायचा विचार करतात.

सगळीकडे भाषांची वर्गवारी एकच. 'अ' म्हणजे मातृभाषा किंवा तितकीच पक्की भाषा. 'ब' म्हणजे जिच्यातून आणि जिच्यातही काम करता येतं अशी परकी भाषा. 'क' म्हणजे जी पूर्ण समजते, पण जिच्यात आपण अनुवाद करत नाही अशी.

स्वतःच्या प्रवासाची हकिकत नको. काय केलं की जमतं, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच नेमकं लिहावं. नावाऐवजी भाषांची जोडी लिहिली तरी चालेल.

जर्मन 'ब', स्पॅनिश 'क'

आधी तासांचा हिशेब मांडा. जर्मनीत बॅचलर पदवी १८० क्रेडिटची, सहा सेमिस्टर. एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम, म्हणजे एका सेमिस्टरला ९०० तास. सुट्ट्या धरून सहा महिन्यांत हे आठवड्याला ३५ तास होतात आणि वर्गातले तास त्यातला छोटा हिस्सा असतात. उरलेला वेळ कुठे घालवायचा हे आपलं आपण ठरवायचं असतं. बहुतेकांची घडी इथेच विस्कटते, कारण ते दोन्ही भाषांना निम्मा-निम्मा वेळ देतात.

तसं करू नका. 'ब' भाषेत रोज काहीतरी तयार झालं पाहिजे: अर्ध्या पानाचा मजकूर, पाच मिनिटांचं बोलणं, एका लेखाचा सारांश. 'क' भाषेत रोज काहीतरी आत गेलं पाहिजे: बातमीपत्र, अग्रलेख, संसदेतलं भाषण. 'क'मध्ये निबंध लिहीत बसणं सुरुवातीच्या वर्षात ठीक, पुढे तो वेळ ऐकण्याला द्यावा. 'क' भाषेचा माणूस भरभर बोलतो, त्याची बोली वेगळी असते, तो वाक्य अर्धवट सोडतो, आणि तरीही ते सगळं समजावं लागतं. 'क' म्हणजे कच्ची भाषा, असा समज घेऊन आलेली मुलं दुसऱ्या वर्षी अडकतात.

दुसरी भाषा कधी सुरू करावी? पहिली 'बी-टू' पातळीला (युरोपीय मोजपट्टीतल्या सहांपैकी चौथी) पोचल्यावर. त्याआधी पहिलीचं व्याकरण अजून हलतं असतं आणि दुसरी त्याला धक्के देते.

प्रश्न: पहिल्याच सेमिस्टरला दोन्ही सक्तीच्या असतील तर?

जर्मन 'ब', स्पॅनिश 'क' (पुन्हा)

मग निदान एक भाषा घरून 'बी-टू' करून जा. दोन्ही शून्यापासून घेऊ नयेत. अनुवादाच्या तासाला भाषा येते असं गृहीत धरलेलं असतं, तिथे विभक्ती कोणी शिकवत नाही.

स्पॅनिश आणि इटालियन

सख्ख्या भाषांची जोडी सोपी वाटते आणि वाचताना असतेही. लिहिताना-बोलताना मात्र सारखेपणाच घात करतो. थोडे नमुने देतो.

स्पॅनिश 'आसेइते' म्हणजे तेल, इटालियन 'आचेतो' म्हणजे व्हिनेगर. 'बुर्रो' स्पॅनिशमध्ये गाढव, इटालियनमध्ये लोणी. 'गांबा' स्पॅनिशमध्ये कोळंबी, इटालियनमध्ये पाय. 'लार्गो' एकीकडे लांब, दुसरीकडे रुंद. 'सालिर' म्हणजे बाहेर पडणं, 'सालिरे' म्हणजे वर चढणं. 'सुबिर' म्हणजे चढणं, 'सुबिरे' म्हणजे सोसणं.

नामं लवकर पकडली जातात, कारण वाक्यात गाढव आलं की खटकतं. खरा धोका जोडशब्दांचा. स्पॅनिश 'तोदाबिआ' म्हणजे 'अजून', इटालियन 'तुत्ताव्हिआ' म्हणजे 'तरीसुद्धा'. हे उलटलं तर वाक्य शुद्ध राहतं आणि युक्तिवाद फिरतो. तपासणाऱ्यालाही चटकन दिसत नाही.

व्याकरणात दोन जागा सांभाळा. इटालियनमध्ये 'माझं घर' म्हणताना आर्टिकल (इंग्रजी 'द'सारखा शब्द) लागतं, स्पॅनिशमध्ये लागत नाही. 'मी गेलो' म्हणताना इटालियन 'असणे' हे साहाय्यक क्रियापद घेते आणि क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणजे आपल्या गेलो-गेले सारखंच. स्पॅनिश मात्र सगळीकडे 'आबेर' हेच साहाय्यक क्रियापद वापरते आणि रूप बदलत नाही.

उपाय असा. दोन भाषांच्या वेगळ्या वह्या ठेवाच, पण तिसरी वही फक्त टकरींची ठेवा. डाव्या पानावर एक भाषा, उजव्या पानावर दुसरी, आणि प्रत्येक शब्दाखाली पूर्ण वाक्य. सुटा शब्द लिहून काही उपयोग होत नाही. दोन्ही भाषा एकाच दिवशी कराव्या लागल्या तर मध्ये तासभर मराठीत किंवा इंग्रजीत काहीतरी वाचा. परीक्षेच्या आठवड्यात एका दिवशी एकच भाषा.

जर्मन आणि फ्रेंच: आकड्यांबद्दल

आकडे हा वेगळा विषय समजूनच शिकावा. दुभाष्याच्या परीक्षेत सगळ्यात आधी आकडे कोसळतात.

जर्मनमध्ये ५४ म्हणताना आधी चार, मग पन्नास. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे विचित्र वाटतं, पण आपलं 'चोपन्न' तसंच आहे. म्हणून जर्मन आकडा मनात मराठीत ऐका, इंग्रजीत नको. फ्रेंचमध्ये ७२ म्हणजे 'साठ-बारा' आणि ९७ म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. फ्रेंच फोननंबर दोन-दोन आकड्यांच्या जोडीनं सांगतात, त्यामुळे 'सोआसाँत' ऐकताच ६० लिहिलं की फसलात. मागून 'दूझ' (बारा) आलं तर तो ७२ असतो. 'साठ' आणि 'चार-वीस' ऐकल्यावर पेन उचललेलंच ठेवा, पुढचा शब्द येईपर्यंत लिहू नका. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये ७० ला 'सेप्ताँत' आणि ९० ला 'नोनाँत' म्हणतात, तेही कानावर असू द्या.

मोठे आकडे पाठच हवेत. 'मिलियन' म्हणजे १० लाख. जर्मन 'मिलिआर्ड' आणि फ्रेंच 'मिलियार' म्हणजे १ अब्ज, म्हणजे १०० कोटी. इंग्रजीत यालाच बिलियन म्हणतात. पण जर्मन-फ्रेंचमधला 'बिलियन' म्हणजे १ लाख कोटी, हजारपट मोठा. स्पॅनिशचंही तसंच, तिथे अब्जाला 'हजार मिलियन' म्हणतात. अर्थसंकल्पाच्या बातमीत ही चूक झाली तर बाकीचं भाषांतर कितीही चांगलं असो, ते परत येतं.

छापील मजकुरात जर्मनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब. १.२५०,५० म्हणजे साडेबाराशेच्या वर अर्धा.

सराव रोज दहा मिनिटं: जोडीदारानं २० आकडे वाचावेत, त्यात साल, टक्के, किंमत, लोकसंख्या सगळं मिसळलेलं असावं. २० पैकी १९ बरोबर येईपर्यंत वेग वाढवू नये. आणि आकड्याबरोबर एककही लिहा. नुसता '४०' लिहिलेला कागद पाच मिनिटांनी काहीच सांगत नाही.

फ्रेंच 'ब', इंग्रजी 'क': नोंदींबद्दल

कॉन्सेक्युटिव्हमध्ये, म्हणजे वक्ता थांबल्यावर करायच्या तोंडी अनुवादात, वक्ता पाच-सहा मिनिटं बोलतो, मग आपण. नोंदी घेण्याची पद्धत जाँ-फ्रँस्वा रोझाँ यांनी १९५६ साली सात तत्त्वांत मांडली, आजही बहुतेक शाळा त्यावरच उभ्या आहेत.

वही वरून स्पायरल असलेली, तळहाताएवढी, जाड पुठ्ठ्याची, कारण उभ्यानं लिहावं लागतं. पानाच्या एकाच बाजूला लिहा. डावीकडे समास सोडून त्यात फक्त 'पण', 'म्हणून', 'जर', 'कारण' यांची चिन्हं. उरलेल्या जागेत कर्ता, क्रिया, कर्म तिरके उतरत जातील असे, एका ओळीत नव्हे. एक विचार संपला की आडवी रेघ. तपशिलांची यादी आली तर एकाखाली एक.

काय लिहायचंच: आकडे, नावं, तारखा, भाषणाचं शेवटचं वाक्य. काय नाही: जे ऐकून चित्र उभं राहिलं ते. नकार मोठा लिहा, कारण तो हरवला तर सगळंच उलटं होतं. वक्ता जर्मन असेल तर 'निश्ट' (नाही) आणि क्रियापद वाक्याच्या टोकाला येऊ शकतं, त्यासाठी जागा मोकळी ठेवा. देवनागरीत नोंदी घेणाऱ्यांनी शिरोरेषा देऊ नये, बराच वेळ वाचतो. चिन्हं वीसेक पुरेत. पन्नास चिन्हं पाठ करणारे ऐन वेळी चिन्ह आठवत बसतात आणि तेवढ्यात वाक्य निघून जातं.

नोंदी वाचता येत नसतील तर दर वेळी अक्षराला दोष देऊ नका. बहुतेकदा ऐकणं थांबून लिहिणं सुरू झालेलं असतं. उपाय म्हणजे आधी तीन आठवडे वहीशिवाय सराव: दोन-तीन मिनिटांचं भाषण ऐकायचं आणि नुसत्या स्मरणानं सांगायचं. मगच पेन.

गेर्मर्सहाइमला शुक्रवारी पाहुण्या वक्त्याची परिषद भरते आणि विद्यार्थी बूथमध्ये (दुभाष्यांच्या काचेच्या खोलीत) बसून तिचा सायमल्टेनियस, म्हणजे वक्ता बोलत असतानाच, अनुवाद करतात. पहिल्या वर्षातही श्रोता म्हणून जाऊन बसा, हेडफोनवर आपली भाषाजोडी लावा. बूथमध्ये दोघं असतात, साधारण अर्ध्या तासानं पाळी बदलते. आपली पाळी नसलेल्यानं आकडे आणि नावं कागदावर लिहून शेजाऱ्यासमोर सरकवायची असतात. ही सवयही शिकावी लागते.

जर्मन आणि जपानी

जपानीत क्रियापद शेवटी, 'ला-नं-चा' सारखे प्रत्यय शब्दामागे, आणि 'काल आलेला माणूस' ही रचना जशीच्या तशी. म्हणून मराठी डोक्याला जपानी वाक्य इंग्रजीमार्गे समजून घ्यायची गरजच नाही. वह्यांत अर्थ मराठीत लिहा.

एक गोष्ट लक्षात ठेवा: जेएलपीटी या जपानीच्या प्रमाणपत्र परीक्षेत बोलण्याची किंवा लेखनाची परीक्षा नसते. तिची 'एन-टू' पातळी मिळाली म्हणून जपानी 'ब' भाषा झाली असं नाही. ती परीक्षा 'क'ची पायरी आहे. बोलण्याची तयारी वेगळी करावी लागते, विशेषतः आदरार्थी रूपांची.

मोठे आकडे चार शून्यांच्या टप्प्यानं चालतात. 'मान' म्हणजे १० हजार, 'ओकु' म्हणजे १० कोटी. ३५ लाख म्हणजे ३५० 'मान'. जोडीला चिनी घेणाऱ्यांना सूचना: लिपीचिन्हं तीच, अर्थ नव्हे. जपानीत 'बेंक्यो' म्हणजे अभ्यास, त्याच दोन चिन्हांचा चिनी अर्थ नाइलाजानं करणं. 'तेगामि' म्हणजे पत्र, चिनीत त्याच चिन्हांचा अर्थ टॉयलेट पेपर.

मराठी 'अ'

एवढे प्रतिसाद आले, पण 'अ' भाषेबद्दल कोणी लिहिलं नाही. मला तीच सगळ्यात दुर्लक्षित भाषा वाटते.

युरोपातल्या या विभागांत मराठी 'अ' म्हणून घेता येत नाही. तिथे तुम्हाला इंग्रजी किंवा जर्मन 'अ' म्हणून उभं राहावं लागतं, आणि ज्याची इंग्रजी फक्त परीक्षेपुरती पक्की आहे त्याच्या तिन्ही भाषा परक्या होतात. अर्ज करण्याआधी स्वतःला तपासा: इंग्रजीतला दोन पानी करार किंवा भाषण असं लिहिता येतं का, की दुसऱ्यानं हात लावायची गरज पडू नये?

मराठीत काम करायचं असेल तर मराठीचाही अभ्यास लागतो. जर्मन 'व्हीर' किंवा फ्रेंच 'नू' आलं की 'आपण' की 'आम्ही' हे मूळ मजकूर सांगत नाही. ऐकणारा त्यात धरलाय का, हे संदर्भातून ठरवावं लागतं. कंपनी ग्राहकाला लिहिते तेव्हा 'आम्ही', मंत्री देशाला उद्देशून बोलतो तेव्हा बहुधा 'आपण'. चुकलं तर वाचणारा बाहेर ढकलला जातो. तसंच जर्मन 'झी' आणि फ्रेंच 'व्हू' या आदरार्थी शब्दांना 'तुम्ही' की 'आपण'? एका मजकुरात एकच ठरवा आणि पहिल्या पानावर टिपून ठेवा.

लिंगाचं मात्र मराठीवरून ठरवायला जाऊ नका. आपल्यासारखीच जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत, पण सूर्य आपल्याकडे तो, जर्मनमध्ये ती. चंद्र दोन्हीकडे तो, फ्रेंचमध्ये ती. नाम नेहमी आर्टिकलसकट पाठ करा.

आणि भाषांतर झाल्यावर मूळ मजकूर झाकून, दुसऱ्या दिवशी, मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडते तिथे मराठी झालेली नाही.

प्रवेशाच्या कागदांबद्दल, थोडक्यात

जर्मनीत बॅचलरसाठी बारावीनंतर सहसा थेट प्रवेश नाही: स्टुडिएनकोलेग (विद्यापीठाआधीचा तयारीचा अभ्यासक्रम) करा, नाहीतर इथे पदवीचं पहिलं वर्ष पूर्ण करा. भाषेसाठी सामान्यतः टेस्टडाफ या जर्मनच्या परीक्षेच्या चारही भागांत ४ किंवा डीएसएच या दुसऱ्या परीक्षेत २ ही पातळी. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं. ते आधी मागवा, बाकी तारखा त्यावर अवलंबून असतात. ब्लॉक्ड अकाउंटची (राहण्याच्या खर्चासाठी आधी भरून ठेवायच्या बँक खात्याची) रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो ठरली. अर्ज करताना चालू आकडा पाहा.

प्रश्न: दुसरी भाषा 'क'च राहिली तर काम मिळतं का?

फ्रेंच 'ब', इंग्रजी 'क' (पुन्हा)

मिळतं. संयुक्त राष्ट्रांत सहा अधिकृत भाषा आहेत आणि इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन बूथमधले दुभाषे दोन परक्या भाषांतून आपल्या 'अ' भाषेत काम करतात. म्हणजे तिथे दोन चांगल्या 'क' चालतात. याउलट खासगी बाजारात, कंपनीच्या बैठकीत, दोन्ही दिशांनी बोलणारा एकच माणूस हवा असतो, तिथे पक्की 'ब' लागते. लिखित अनुवादात 'आयएसओ १७१००' या अनुवादसेवेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे काम करणाऱ्या संस्था अनुवादाची पदवी किंवा दुसरी पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव मागतात, पदवी नसेल तर पाच वर्षं. आणि प्रत्येक अनुवाद दुसऱ्या व्यक्तीनं मुळाशी ताडून पाहणं त्यात बंधनकारक आहे. ती ताडून पाहणारी व्यक्ती होण्यासाठी 'क' भाषा उत्तम लागते, म्हणून शेवटच्या वर्षात वर्गमित्रांचे अनुवाद मागून घ्या आणि लाल पेन हातात घ्या.