पुढचा करडा दात आणि मधली फट: सहा व्हिनिअर की टप्प्याटप्प्याने? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वरचे पुढचे दात नीट करून घ्यायचं ठरवलंय. पण दोन डॉक्टरांनी दोन अगदी वेगळे मार्ग सांगितले, आणि तिथेच अडकले आहे. ज्यांनी असं काही करून घेतलंय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया सांगावं.

आधी दातांची अवस्था सांगते. मधल्या दोन दातांपैकी डाव्याला लहानपणी पडून मार बसला होता. तो हळूहळू करडा होत गेला. दुखत नाही, हलत नाही. त्या दोघांमध्ये फट आहे, पक्के दात आले तेव्हापासूनची. बाकीचे दात पिवळसर आहेत, कीड नाही. कोणी फोटो काढायला लागलं की माझे ओठ आपोआप मिटतात, आणि हे मला आता खरंच नको झालंय.

पहिल्या डॉक्टरांच्या मते सुळ्यापासून सुळ्यापर्यंत सहा दातांना पोर्सिलेनचे व्हिनिअर (दातावर पुढून चिकटवायचे पातळ पापुद्रे) लावावेत. रंग, आकार, फट सगळं एकदम सुटेल, दोन-तीन भेटींत काम संपेल. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी करड्या दाताचा एक्स-रे काढायला सांगितलाय. मग त्या दाताचा उपचार, नंतर सगळ्या दातांचं ब्लीचिंग आणि सर्वात शेवटी फटीपुरतं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण). याला काही महिने लागतील म्हणाले.

मी वाचलं त्यावरून, व्हिनिअरसाठी दाताचा पुढचा थर साधारण अर्धा मिलिमीटर घासावा लागतो आणि एकदा गेलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, परत येत नाही. पोर्सिलेन १० ते १५ वर्षं टिकतं, काहींचं जास्तही. मी अजून तिशीत आहे, म्हणजे आयुष्यात दोन-तीनदा तरी ते बदलावे लागणार. कॉम्पोझिट साधारण ५ ते ७ वर्षं टिकतं आणि त्यावर डाग पडतात, पण टवका उडाला तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं, असं कळलं.

चांगल्या पाच दातांना हात लावायची खरंच गरज आहे का? करडा दात ब्लीचिंगने उजळतो का? आणि ब्लीचिंगने दात कमजोर होतात असं घरचे म्हणतात, त्यात किती तथ्य आहे?

प्रतिसाद

ताई, मी दंतवैद्य आहे. तोंड न बघता निदान करता येणार नाही, पण तुमचे दुसरे डॉक्टर योग्य टोकाकडून सुरुवात करताहेत असं मला वाटतं.

सगळं त्या करड्या दातावर ठरणार. मार लागलेल्या दाताची नस बऱ्याचदा आतल्या आत मरते आणि वर्षानुवर्षं काही दुखतही नाही. मुळाच्या टोकाशी संसर्ग आहे का, नस जिवंत आहे का, हे एक्स-रे आणि चाचणीशिवाय कळत नाही. नस मेली असेल तर आधी रूट कॅनल. त्यानंतर दाताच्या पोकळीत आतून ब्लीचिंगचं औषध ठेवून वरून तात्पुरतं सिमेंट भरतात आणि काही दिवसांनी औषध बदलतात. असे दात बऱ्यापैकी उजळतात, मात्र काही वर्षांनी करडेपणा थोडा परत येऊ शकतो. नस जिवंत निघाली तर वाट वेगळी, तेव्हा आतून ब्लीचिंगचा प्रश्नच येत नाही.

व्हिनिअर पातळ असतो, त्यामुळे खालचा गडद दात त्यातून डोकावतो. तो झाकायला जाड किंवा अपारदर्शक व्हिनिअर लागतो आणि जाड व्हिनिअर म्हणजे दात जास्त घासणं. म्हणून पुढे व्हिनिअर करायचं ठरलं तरी आधी दात उजळवून घेतलेला बरा.

ब्लीचिंगने दात कमजोर होतात ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल मापाच्या ट्रेमध्ये घालून रात्री लावतात, साधारण दोन ते चार आठवडे. त्या काळात थंड पाण्याने दात शिवशिवतात, हिरडीला जेल लागली तर चुरचुरतं, पण हे थांबतं. लिंबू, कोळशाची पूड यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. इनॅमल खरं तिथे झिजतं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी हिरड्या तपासून दातांची सफाई, मग ब्लीचिंग, मग किमान दोन आठवडे थांबून कॉम्पोझिट. ब्लीचिंगनंतर लगेच कॉम्पोझिट नीट चिकटत नाही आणि दाताचा रंगही स्थिरावलेला नसतो. कॉम्पोझिटवर ब्लीचिंगचा परिणाम होत नाही, म्हणून ते आधी केलंत तर रंग जुळणार नाही.

प्रतिसाद

मी व्हिनिअर लावून घेतलेत आणि समाधानी आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगते. लहानपणी दिलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकमुळे माझ्या दातांवर राखाडी-तपकिरी पट्टे होते. ते डाग दाताच्या आतच असतात. कित्येक महिने ब्लीचिंग करूनही पट्टे दिसायचे, तेव्हा व्हिनिअर केले. तुमचे दात नुसते पिवळसर असतील तर मी तुमच्या जागी थांबले असते.

व्हिनिअर करायचेच झाले तर घासण्याआधी मॉक-अप मागा. दातांवर तात्पुरता आकार बसवून दाखवतात. बोलून बघा, हसून बघा, 'फ', 'व' नीट उच्चारता येतात का बघा. झोपेत दात खाता का, हेही डॉक्टरांना सांगा. मी खाते, म्हणून मला रात्री नाइट गार्ड घालावा लागतो, नाहीतर पोर्सिलेनचे टवके उडतात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एक्स-रे काढून घेते, तोपर्यंत सहा व्हिनिअर बाजूला. आणखी एकच विचारायचंय: फटीसाठी कॉम्पोझिटऐवजी अलाइनर (दात हळूहळू सरकवणारे पारदर्शक साचे) घेतले तर?

प्रतिसाद

फट किती रुंद आहे त्यावर आहे. लहान फट कॉम्पोझिटने छान बुजते. मोठी असेल तर दोन्ही दात बेढब रुंद दिसतात, तिथे दात सरकवणंच बरं. अलाइनर दिवसाचे २०-२२ तास घालावे लागतात, काढून ठेवले की काम अडतं. वरच्या ओठाखालचा पडदा दोन दातांच्या मधोमध खोल उतरलेला असेल तर फट पुन्हा उघडू शकते. तो तपासून घ्या. आणि नंतर दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवायची तयारी ठेवा. मार लागलेला दात सरकवायचा असेल तर ऑर्थोडॉन्टिस्टला (दात सरकवणाऱ्या तज्ज्ञांना) त्या माराबद्दल आधी सांगा, कारण अशा दाताचं मूळ सरकवताना आखूड होण्याचा धोका थोडा जास्त असतो.