ईसीजीचे चौकोन आणि केसपेपरवरची अक्षरं: सुरुवात कुठून करू?

प्रश्न (जीएनएम नर्सिंग, दुसरं वर्ष)
मेडिसिन वॉर्डला ड्यूटी लागली आहे. ईसीजी मशीन स्वतःच वर ‘नॉन-स्पेसिफिक एसटी-टी चेंजेस’ (एसटी-टी भागात बदल, पण नेमक्या आजाराकडे बोट न दाखवणारे) असं छापतं. त्यावर विसंबून न राहता पट्टी वाचायची तर आधी काय बघायचं? छातीच्या लीडची (छातीवर लावायच्या बल्बची) जागा दरवेळी नेमकी कशी शोधायची? आणि केसपेपरवरची कोणती लघुरूपं हमखास घोटाळा करतात?

ईसीजी टेक्निशियन
आधी जागा. लीड चुकली तर पुढचं सगळं वाचन फुकट. गळ्याच्या खाचेतून बोट खाली आणा, छातीच्या मधल्या हाडावर आडवा उंचवटा लागतो. तिथे दुसरी बरगडी जोडलेली असते आणि तिच्या खालची फट ती दुसरी. तिथून मोजत चौथ्या फटीत या: हाडाच्या उजव्या कडेला व्ही१, डाव्या कडेला व्ही२. मग व्ही३ सोडून आधी व्ही४ लावा, पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही३ हा व्ही२ आणि व्ही४ च्या मधोमध. व्ही५, व्ही६ व्ही४ च्याच आडव्या पातळीत, काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेवर. बायकांमध्ये स्तन वर उचलून त्याखाली लावा.

व्ही१-व्ही२ सर्रास एक-दोन फटी वर लागतात. मग आर लाट (पट्टीवर वर जाणारं टोक) पुढच्या लीडमध्ये नीट वाढत नाही आणि जुना अटॅक येऊन गेल्यासारखं दिसतं. जेलीही बेताने; एका बल्बची दुसऱ्याला भिडली की शेजारच्या लीड सारख्याच दिसू लागतात.

हातापायाला आपल्याकडे बहुतेक मशीनवर लाल उजवा हात, पिवळा डावा हात, हिरवा डावा पाय, काळा उजवा पाय. लीड १ पूर्ण उलटी आणि एव्हीआर ही लीड सरळ दिसली, तर आधी हाताच्या वायरी अदलाबदल झाल्यात का ते बघा.

एमडी मेडिसिन
वरचं छापील निदान झाका आणि कागदाच्या कडेला बघा: वेग २५ मिमी प्रतिसेकंद, उंची १० मिमी प्रति मिलिव्होल्ट. वेग ५० वर राहिला तर ठोके निम्मे मोजले जातात. उंची ५ वर असेल तर एलव्हीएच (हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होणं) निसटतं.

लहान चौकोन ०.०४ सेकंद, मोठा ०.२. ठोके नियमित असतील तर दोन आर लाटांमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला भागा. चार आले तर ७५. मग प्रत्येक क्यूआरएसच्या (ठोक्याच्या उंच टोकदार भागाच्या) आधी पी ही छोटी लाट आहे का ते बघा. पीआर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर) तीन ते पाच लहान चौकोन, क्यूआरएस तीनपेक्षा कमी. एसटी (क्यूआरएसनंतरचा सपाट भाग) शेवटी, आणि नेहमी शेजारच्या लीड एकत्र: २, ३, एव्हीएफ म्हणजे हृदयाची खालची भिंत. तिथे एसटी वर असेल तर उजव्या छातीवर व्ही४आर (व्ही४ चीच उजवीकडची जागा) काढा. हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकच्या तडाख्यात आला असेल तर नायट्रेटने (रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाने) बीपी कोसळतं.

छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत हवा. पहिला नॉर्मल आला म्हणून पेशंटला सोडू नका. दुखणं चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी परत काढा.

प्रश्नकर्ती
सर, एएफमध्ये (एट्रियल फिब्रिलेशन, ठोके पूर्ण अनियमित) दोन आरमधलं अंतर दरवेळी वेगळं येतं. मग ३०० ला कशाने भागायचं?

एमडी मेडिसिन
तिथे ती रीत चालत नाही. ३० मोठे चौकोन म्हणजे सहा सेकंद. त्यातले क्यूआरएस मोजा, दहाने गुणा. सोबत स्टेथोने एक मिनिट हृदयाचे ठोके आणि मनगटाची नाडी दोन्ही मोजा. एएफमध्ये नाडी हृदयाच्या ठोक्यांपेक्षा कमी भरते.

वॉर्ड इन्चार्ज सिस्टर
के/सी/ओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, सी/ओ म्हणजे आजची तक्रार. एसओबी दम लागणं, एनबीएम तोंडाने काही द्यायचं नाही. बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच, स्टॅट लगेच. ही पटकन अंगवळणी पडतात.

घोटाळा यांचा, बाळा: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या कागदावर उजवा डोळा. एमएस म्हणजे हृदयाची अरुंद झालेली झडप, की मॉर्फीन सल्फेट? औषधाचं नाव पूर्ण लिहिलेलं नसेल तर डोस भरूच नको, डॉक्टरांकडून लिहून घे. इन्सुलिनपुढचा ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो, १० चे १०० होतात. ‘युनिट’ पूर्ण लिही. दशांशाआधी शून्य हवंच, ०.५. पूर्ण आकड्यानंतर मात्र नको, कारण ५.० मधला ठिपका पुसट झाला की ५० वाचलं जातं.

ईसीजी टेक्निशियन
राहिलंच: काढल्या काढल्या पट्टीवर नाव, वेळ आणि ‘दुखत असताना’ की ‘दुखणं थांबल्यावर’ ते पेनाने लिहा. व्ही४आर काढला असेल तर तसंही लिहा. मशीन तिथे ‘व्ही४’च छापतं.