आकडा मोठा, पण पगार कोण देणार?
पैसा पुरेसा ओतला की युद्धात मोडलेला देश उभा राहतो, हे मत मला पटत नाही. अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीसाठी अमेरिकेने २० वर्षांत सुमारे १४५ अब्ज डॉलर मंजूर केले. तरी तिथल्या सरकारी खर्चाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग परदेशी मदतीतूनच निघायचा. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने सत्ता घेतली, हा ओघ आटला आणि शिक्षक, नर्स यांचे पगार अडकले. रुग्णालयाची इमारत होती, खाटा होत्या, पण नर्सला महिनोन्महिने पगार नव्हता. फार वाईट वाटतं हे.

भारताने उत्तरेकडच्या पुल-ए-खुमरी शहराहून काबूलला वीज नेली, तीही सालंगच्या बर्फाळ डोंगरांवर मनोरे उभारून. अशी कामं हवीतच. पण दुरुस्ती करणारी स्थानिक माणसं आणि त्यांचा पगार देणारी देशाची स्वतःची करवसुली, यासाठी निधी पहिल्या वर्षापासून राखून ठेवायला हवा होता.