छंद परत सुरू करताय? मग डिजिटल कॅमेराच घ्या, मोबाईलवर भागवू नका

रोलवाला: फिल्मच्या काळात भरपूर फोटो काढायचो, मग नोकरी-संसारात सगळं मागे पडलं. आता परत सुरू केलंय आणि ठाम मत झालंय की ज्यांचा हा छंद सुटलाय त्यांनी डिजिटल कॅमेरा घ्यावा, सेकंडहँड का असेना. रोलमध्ये ३६ फोटो, तो संपणार, मग धुवून येणार, तोवर कुठल्या फ्रेमला काय ॲपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याचं भोक) ठेवलेलं ते कोणाच्या लक्षात राहतंय? आता शटरचा वेग, ॲपर्चर, आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) सगळं फाईलमध्येच नोंदलेलं असतं, एफ ४ ला (मोठं भोक) काय होतं आणि एफ ११ ला (लहान भोक) काय ते तिथल्या तिथे दिसतं. मोबाईलवर हे शिकताच येत नाही, बहुतेकांचं ॲपर्चर फिक्स असतं आणि मागचा ब्लर सॉफ्टवेअरने केलेला.

खिशातलाकॅमेरा: अजिबात पटलं नाही. कॅमेरा कपाटात राहतो, मोबाईल हातात असतो, मग छंद कशाने टिकेल? शिवाय मोबाईल एका क्लिकला अनेक फ्रेम घेऊन जोडतो म्हणून आभाळ आणि सावली दोन्ही नीट येतात. रॉ फाईलसुद्धा (सेन्सरवरची कच्ची नोंद) मिळते बऱ्याच फोनमध्ये.

रोलवाला: जोडतो, पण कसं जोडायचं ते तो ठरवतो ना! मला ते स्वतः ठरवायचंय, त्यातच तर मजा आहे. आणि सेन्सर (उजेड टिपणारी चिप) बघा, फोनमधला १ इंची म्हणवणारा मोठा सेन्सरही १३.२ बाय ८.८ मिमी असतो, फुल फ्रेम कॅमेऱ्याचा ३६ बाय २४, क्षेत्रफळ सातपटीहून जास्त. कमी उजेडात हा फरक लगेच कळतो.

लालदिवा: मला दोघांचंही पटत नाही. परत यायचं तर फिल्मवरच या. ३६च फोटो म्हणून माणूस थांबतो, बघतो, मग बटण दाबतो. डिजिटलवर ढीगभर काढायचे आणि नंतर निवडत बसायचं, याने नजर तयार होत नाही. कलर निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त उजेड पडला तरी चालतं, डिजिटलवर आभाळ एकदा पांढरं फटक झालं की गेलंच.

सायंप्रकाश: आभाळाचं अगदी बरोबर, पण म्हणून डिजिटल सोडायचं कशाला? निगेटिव्हची जास्त एक्स्पोजर द्यायची सवय मोडायची, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजवीकडे आपटू द्यायचा नाही, बस. थांबून बघायचंच असेल तर जुन्या मॅन्युअल लेन्स वापरा ना ताई. मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा) सेन्सर माउंटच्या (लेन्स बसते ती जागा) खूप जवळ असतो त्यामुळे साध्या ॲडॅप्टरने जुन्या एसएलआरच्या (आरसावाल्या कॅमेऱ्यांच्या) बहुतेक लेन्स बसतात, फोकस हातानेच करावा लागतो, आपोआप वेग कमी होतो.

लालदिवा: लेन्सचं मान्य, करून बघेन. पण डार्करूममध्ये कागदावर चित्र उमटताना बघायचं सुख स्क्रीनवर नाही, यावर मी ठाम.

सायंप्रकाश: जुनी लेन्स घेताना आतून टॉर्च मारून बुरशी बघा मात्र, आणि ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय का तेही.