सेल्युलर जेल: गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या वडिलांना वरच्या मजल्यापर्यंत कसं न्यावं?

मंडळी, जानेवारीत सहकुटुंब अंदमानला जातोय. बाबा (वय ७६), आई, बायको आणि नववीतली मुलगी. किनाऱ्यांची माहिती भरपूर मिळाली. सेल्युलर जेलबद्दल मात्र जरा सविस्तर विचारतो, कारण बाबा पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) येतायत ते फक्त त्यासाठी.

त्यांचा एक गुडघा बदललेला आहे, दुसरा दुखतो. सपाटीला काठी घेऊन चालतात, जिना मात्र कठडा धरून, एकेक पायरी. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, रांगेच्या टोकाला. लिफ्ट नाही असंच धरून चाललोय. पायऱ्या उंच आहेत का? धरायला कठडा आहे का? मधल्या मजल्यावर टेकता येतं का? मागून लोकांचा रेटा आला की ते घाबरतात, म्हणून सकाळी दार उघडल्या उघडल्या जायचा विचार आहे. तेव्हा गर्दी कमी असते का? सोमवारी बंद असतं असं ऐकलंय, अजूनही तसंच आहे का?

आम्ही नाशिकचे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, ही हकिगत बाबा त्यांच्या आजोबांकडून ऐकत मोठे झाले. कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्याच खटल्यातले वामनराव जोशी काळ्या पाण्यावर गेले. त्यांचं नाव आता खुद्द नाशकात कुणी काढत नाही, आणि बाबांना ते फार लागतं. जेलच्या मधल्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर राजबंद्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात वामनरावांचं नाव बोट ठेवून वाचायचं, असं त्यांनी ठरवलंय. पाट्या प्रांतवार लावल्यात का? कुणी ते नाव पाहिलं असेल तर नेमकं कुठे आहे ते सांगाल का?

मुलीसाठी चांगला गाइड हवाय. सावरकरांची कोठडी दाखवली की काम झालं, असं करणारा नको. कोठडीची कडी दारापासून लांब, भिंतीतल्या खोबणीत बसते, आतून कितीही हात लांबवला तरी पोचत नाही, हे तिला स्वतः करून बघू देईल असा हवा. सातही इमारती मनोऱ्याभोवती अशा बांधल्या होत्या की एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. बाबाराव आणि तात्याराव (विनायक) सावरकर, सख्खे भाऊ, एकाच तुरुंगात असून एकमेकांना भेटू शकत नव्हते ते यामुळेच. आज त्यातल्या तीनच उभ्या आहेत. कोलूला जुंपून दिवसाला ३० पौंड तेल काढायला लावायचे. उल्लासकर दत्त छळाने भ्रमिष्ट झाले, इंदुभूषण रॉय यांनी कोठडीतच जीव दिला. १९३३ च्या उपोषणात नळीने बळजबरीने पाजलेलं दूध फुप्फुसात जाऊन महावीर सिंह गेले. ही सगळी माणसं तिला कळायला हवीत. असं मनापासून सांगणारे गाइड दारात मिळतात का, की आधी ठरवावे लागतात? मराठी नसलं तरी चालेल, हिंदी पुरे.

संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची हिंदी खेळाची तिकिटं किती आधी काढावी लागतात? बसायला पाठ टेकता येईल अशा खुर्च्या आहेत का?

टूरवाल्यांनी जेलला एकच तास ठेवलाय आणि त्याच दिवशी रॉस बेट. मी तो दिवस त्यांच्याकडून काढून घेतोय. सकाळी जेल, दुपारी खोलीवर आराम, संध्याकाळी कार्यक्रम, असं जमेल ना? त्यासाठी जेलपासून रिक्षाने पाच-दहा मिनिटांवर, तळमजल्यावर खोली मिळेल असं साधं हॉटेल कुठल्या भागात बघू?